सोळा औंसांचा हट्ट

हॅल्सियन जहाज, स्पिटहेड
१८ एप्रिल १७९७

ती. टॅबिथाताईस जेथ्रोचा सा. न. वि. वि.

आधी बातमी ऐक, मग शिव्या दे. साऱ्या आरमाराने नांगर उचलायला नकार दिलाय. आजोबांच्या काळापासून पगार तोच, आणि जहाजाचा भांडारी चीज-मांसाचा सोळा औंसांचा पौंड चौदाचा करून देतो. अर्जावर सह्या गोल वर्तुळात केल्यात. पहिली कुणाची ते देवालाही कळू नये! दुष्ट अधिकाऱ्यांना पेटीसकट, अगदी अदबीने, किनाऱ्यावर पोचवलं.

शिस्त मात्र कप्तानापेक्षा कडक. काल मला रम जरा जास्त झाली, तर आपल्याच बंडखोरांनी दोराला बांधून समुद्रात तीन बुचकळ्या दिल्या. रोज सकाळ-संध्याकाळ आठाला आम्ही दोरखंडांवर चढून तीन जयघोष करतो. ते ऐकू आले, की समज, भाऊ शाबूत आहे.

एझ्रादाजींना नमस्कार. लोभ चौदा औंसांचा करू नये.

तुझा जेथ्रो


गॉस्पोर्ट
२० एप्रिल

चि. जेथ्रोस अनेक आशीर्वाद.

अरे गाढवा, दोन औंस चीजसाठी मान दोरात घालतोस? बंडाला फाशी, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. तुझे दाजी आपल्या वाणसामानाच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतात, की असल्या मेहुण्याला आपण ओळखतही नाही. मी आठाला खिडकीत उभी असते. जयघोष ऐकला, की मगच घास उतरतो. फार भीती वाटते रे. माफी मिळणार म्हणतात. मिळाली की मुकाट्याने घे.

आल्याचा केक पाठवलाय. वाटून खा, आणि कोरडा राहा.

तुझी ताई


हॅल्सियन
१५ मे

ती. ताईस सा. न.

सुटलो! तोंडी माफीवर कोण विश्वास ठेवणार? राजाची मोहर पाहिल्याशिवाय नांगर हलणार नाही, असं आमच्या माणसांनी ठणकावलं. अखेर मोहर आली. पगार वाढला, पौंड सोळाचा झाला, मान जागेवर आहे. माफी वाचली तेव्हा मी पोरासारखा रडलो.

आता वारा मिळाला की फ्रेंचांच्या मागे निघू. दाजींना सांग, ओळख दाखवायला हरकत नाही. आशीर्वाद असू दे, पूर्ण वजनाचा.

तुझा जेथ्रो


गॉस्पोर्ट
१८ मे

चि. जेथ्रोस उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी पोटभर रडले, मग आनंदाच्या भरात ते दुकानात मोठ्याने वाचलं. तिथेच घात झाला. सोळा औंसांचं ऐकून शेजारच्या मिसेस पिंकनीने आमचं चीज घरी नेऊन तोललं. चौदा औंस! भांडारी माझ्याच घरात निघाला रे!

संध्याकाळी आठाला गल्लीतल्या साऱ्या बायका आमच्या दारात जमल्या आणि तीन जयघोष झाले. त्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मग तुझ्या दाजींची पेटी भरली आणि त्यांना, अगदी अदबीने, त्यांच्या आईकडे पोचवलं.

काल त्यांचा निरोप आला: वजन बदलतो, पण माफी लेखी हवी, आणि मोहर पाहिल्याशिवाय उंबरा ओलांडणार नाही. घरात मोहर कुठली? शेवटी कागदावर मेण ओतलं, त्यांच्याच खोट्या वजनाचा ठसा उठवला आणि ते वजन खाडीत फेकून दिलं. दाजी जेवायला हजर!

आज सकाळी आठाला सवयीने खिडकीत गेले. जयघोष नाही. मग समुद्राकडे पाहिलं. तुमची जहाजं निघून गेली होती. लढून धडधाकट परत ये. तुझा चीजचा पौंड बांधून ठेवलाय, सोळा औंसांचा, आणि वर एक औंस ताईचा.

वाट पाहणारी,
टॅबिथा