भिंतीकडे तोंड करून

महाल, नागपूर
१२ जुलै १९७३

ती. जिजाबाई मावशींस,

प्रेमिलाचा शि. सा. न. वि. वि.

चंद्रभानराव साड्या घेऊन गांधीबागेच्या बाजारात आले होते, तेव्हा जाता जाता लेकाला बघायला घरी डोकावले. तुम्ही पाठवलेल्या लाह्या आणि गूळ मिळाला. मार्तंड मजेत आहे, असं मावशींना सांगा, असं मी त्यांना म्हटलं. ते गेल्यावर मला ते खोटं वाटलं, म्हणून लगेच लिहायला बसले.

मार्तंड जेवत नाही. रडत नाही, हट्ट करत नाही, फक्त जेवत नाही. वाटी पुढे ठेवली की हात मागे नेतो आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघत बसतो, जसं काही माझं काहीतरी करायचं राहिलं आहे. चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटतो. वरण-भात झाला, मुगाची खिचडी झाली, दुधातली पोळी झाली. शेजारच्या रुखमाबाई काऊ-चिऊचे घास करून दाखवतात, त्यांच्याकडेही तो तसाच बघतो. शेवटी झोपेत असताना थोडं दूध पाजते, तेवढंच पोटात जातं. वर्गातल्या पन्नास मुलींना एका नजरेत गप्प करणारी मी, दोन वर्षांच्या पोरापुढे रोज हरते.

डॉक्टरांनी त्याची छाती पुन्हा तपासली. त्याच्या आईच्या, आमच्या सुभद्राच्या दुखण्याचं त्याला काही लागलेलं नाही. पण वजन उतरतं आहे. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवून नाकातून नळी घालावी लागेल, असं ते म्हणाले. ती नळी डोळ्यांपुढून हलत नाही.

मावशी, तुमची सून गेल्यावर तुमचे गुडघे आणि घरातलं काम बघून मीच त्याला मागून आणलं. आता मनात येतं, मी त्याच्यासाठी आणलं की माझ्यासाठी? माझं घर रिकामं आहे, हे तुम्ही जाणताच. तो तुमच्याकडे जेवत होता ना? सुभद्रा त्याला कशी भरवायची, ते आठवेल तसं सगळं कळवा.

रागावलात तरी चालेल, पण उत्तर धाडा.

तुमची,
प्रेमिला

*

खापा
१७ जुलै

चि. प्रेमिलाले,

जिजाबाईचे अनेक आशीर्वाद. मी चौथी शिकलेली, अक्षरं बैलाच्या मुतावानी वाकडी जातात, तू मास्तरीण हायस म्हून लाल शाईनं खुणा करू नको.

तू लेकराले जेवू घालून राहिली का त्याची परीक्षा घेऊन राहिली वं? वाटी, चमचा, वरून तू अन् रुखमाबाई दोघी पाहारेकरी. मीठमिरच्यानं त्याची नजर उतरव. कढी दे, त्याले आंबट आवडते. अन् त्या डाक्टरले सांग का आमच्या घरातल्या कोण्या पोराच्या नाकात आजवर नळी गेली नाई.

तू इचारलं म्हून लिहून राहिली. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नाई, पण माह्या मनात ते काट्यावानी हाय. तुही बहीण आधी लेकराले मांडीवर घेऊनच भरवे. मंग दिवाळीपासून काय झालं कोण जाणे. त्याची वाटी भुईवर ठेवे अन् आपण भिंतीकडं तोंड करून बसे, पदर तोंडाले लावून. लेकरू तिच्या पाठीमागं एकटं खाये. रहाटावर सुताच्या कांड्या भराले बसली तरी तसंच, पाठ त्याच्याकडं. मी तिले इचारलं का सोताच्या लेकराले काहून पाठ दाखवते. ती कांड्या भरतच राह्यली. एक दिवस मले राग आला, मी म्हणून गेली का सावत्र मायही असं करत नाई. तवाही ती भिंतीकडंच पाहत राह्यली.

मंग तो ताप आला, तुमच्या नागपूरच्या दवाखान्यात नेली, अन् आठ दिवसांत सारं संपलं. डाक्टर म्हणे, दुखणं जुनं होतं. घरात कोणाले कसं समजलं नाई?

लेकराले माहा मुका. त्याची तब्येत सुधारली का तूही पोटभर जेव.

जिजाबाई

*

महाल, नागपूर
२३ जुलै

ती. मावशींस,

शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी आलं. भिंतीकडे तोंड करून बसण्याचं वाचलं आणि पत्र मिटून ठेवून दिलं. पुढचं रात्री वाचलं. आता जे लिहिते आहे ते तुम्हाला लिहावं की नाही, हे मला अजूनही नीट ठरवता आलेलं नाही. त्याने तुम्हाला त्रास होणार. पण न लिहिलं तर तुमच्या मनातला काटा तसाच राहील, आणि सुभद्राला आता स्वतःची बाजू मांडता येत नाही.

आमच्या बाबांनाही हेच दुखणं होतं. ते मागावर बसायचे, त्यामुळे सुताच्या धुळीचा खोकला आहे, असंच सगळे म्हणायचे. मी पंधरा वर्षांची होते, सुभद्रा पाचची. तिला बाबांजवळ बसल्याशिवाय घास उतरत नसे. मग बाबा जेवणाच्या वेळी भिंतीकडे वळून बसायचे, तोंडावर उपरणं धरायचे, आणि आम्ही दोघी त्यांच्या पाठीला पाठ लावून जेवायचो. त्यांचा श्वास आमच्या ताटावर पडू नये म्हणून ते असं करत, हे मला पुष्कळ पुढे कळलं. सुभद्राला ते कधी कळलं का, हे मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं.

मग डॉक्टरांनी दुखण्याचं नाव सांगितलं, क्षय, आणि त्याच आठवड्यात आम्हाला सावनेरला मामाकडे पाठवून दिलं. सुभद्रा तिथे रोज दारात बसायची. बाबा आम्हाला पुन्हा दिसले नाहीत.

मावशी, तिने आपलं दुखणं ओळखलं होतं. सांगितलं तर मार्तंडला तिच्यापासून नेतील, जसं आम्हाला नेलं होतं, हीच भीती तिला असणार. लेकरू जवळही हवं आणि त्याला काही लागूही नये, यासाठी बाबांनी केलं तेवढंच तिला ठाऊक होतं. बाबांच्या वेळी आमच्यासारख्यांना औषध मिळत नव्हतं. आता आहे, सुया आहेत, गोळ्या आहेत, माणसं बरी होऊन कामाला लागतात. हे तिच्या कानावर कसं गेलं नाही, या प्रश्नापाशी मी रोज अडते.

काल संध्याकाळी मी कढी-भाताची वाटी फरशीवर ठेवली, भिंतीकडे वळले आणि पदर तोंडाला लावला. रुखमाबाईंना आधीच घरी पाठवलं होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. भिंतीवरचे पोपडे बघत बसले. मग वाटी सरकल्याचा आवाज आला. माझ्या पाठीला त्याची इवलीशी पाठ टेकली. आणि तो जेवला, मावशी. वाटी चाटूनपुसून जेवला.

जास्त लिहवत नाही. तुमच्यावर माझा कसलाही राग नाही, हे मात्र नक्की समजा.

प्रेमिला

*

खापा
२९ जुलै

चि. प्रेमिलाले,

आशीर्वाद.

तुहं पत्र माह्यानं पुरं वाचवलं नाई, चंद्रभाननं वाचून दाखवलं. मंग तो उठून मागावर जाऊन बसला, पण मागाचा आवाज काई आला नाई.

मी तिले काय म्हणली ते मी तुले लिहून बसली. आता ते कागदावरून पुसता येत नाई अन् माह्या तोंडातूनही. आज सकाळी तिचा रहाट झाडून ठेवला. ती बसे तिथं भिंतीले तिच्या कपाळाएवढा तेलकट डाग हाय. चंद्रभान म्हणे का दिवाळीले चुना मारू. मी म्हटलं, तेवढी जागा सोडून मार.

लेकरू जेवते हे वाचून मी देवापुढं साखर ठेवली. त्याले तान्ह्या पोळ्याले घेऊन ये. चंद्रभान त्याच्यासाठी लाकडाचा बैल करून राहिला. भिऊ नको, मी त्याले ठेवून घेणार नाई. तो तुह्याजवळ खाते, तुह्याजवळच राहू दे.

एक गोष्ट लिहून पाठव वं. सुभद्रा घास चावे तवा तिच्या डाव्या गालाले खळी पडे. हसताना नाई, फक्त खाताना. लेकराच्या पडते का? मी कधी पाह्यलंच नाई, मी तिच्या पाठीकडंच पाहत राह्यली. नीट पाहून लिही.

जिजाबाई

*

महाल, नागपूर
६ ऑगस्ट

ती. मावशींस,

शि. सा. न. वि. वि.

मार्तंडचं वजन वाढलं. डॉक्टरांनी नळीचा विषय काढलाच नाही. मी काय केलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा कढी आवडते त्याला, एवढंच सांगितलं.

खळीचं मात्र मला लिहिता येत नाही. त्याला जेवताना मी अजून पाहिलेलं नाही. तुमचं पत्र आल्यावर एकदा हळूच मान वळवली. त्याने हातातला घास वाटीत परत ठेवला आणि त्या वेळी उपाशी राहिला. मग भिंतीवर समोर आरसा लावावा, असं मनात आलं. खिळासुद्धा ठोकला. नंतर काढून टाकला. सुभद्राने आरसा लावला नव्हता. तिलाही त्याला जेवताना पाहावंसं वाटलंच असेल, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त.

काल जेवता जेवता त्याचा ओला हात माझ्या खांद्यावरून पुढे आला, पदराखाली शिरला आणि भाताचा घास माझ्या ओठांना लागला. मी तो खाल्ला. तरी हात तिथेच राहिला, तळवा उघडा ठेवून. आधी मला कळलं नाही. मग उमगलं की तो घास परत मिळायची वाट बघत होता. सुभद्रा तो ओठांना लागू न देता त्याच्या हातात परत ठेवत असणार. मी काही परत देत नाही, असं दिसल्यावर त्याने हात मागे घेतला आणि दुसरा घास आणून दिला. तोही मी खाल्ला. तिसराही.

तान्ह्या पोळ्याला आम्ही येतो. त्या डागाजवळ दोन पाट मांडून ठेवा, एक माझ्यासाठी, एक तुमच्यासाठी. खळी तुम्हालाही दिसणार नाही. पण पाठीला पाठ टेकवून तो चावायला लागला की ते आपल्या पाठीला कळतं. तेवढं तुमच्यासाठी शिल्लक आहे, ते घ्यायला बसा.

मायेत अंतर पडू देऊ नका, आणि गुडघ्यांना तेल लावत जा.

तुमची,
प्रेमिला