शालूचं लगीन चर्चमध्ये लागलं

हिंगोली, वैशाख, सन १९३८

माझी माय,
आपल्या साखरा गावाकडं तोंड करून संतरामनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं.

तुझ्या लेकीचं, आपल्या शालूचं लगीन थाटात लागलं. तू नव्हतीस म्हणून रडू नको. तुझा मोडलेला पाय कसा हाय? वैदूनं पट्टी सोडली का?

माझ्या दारातल्या मांडवात वऱ्हाड बसलं अन् वादळ आलं. मांडव उडाला, गारा पडू लागल्या. मुहूर्त तर जवळ आलेला. तेवढ्यात शेजारच्या चर्चचे पादरी योहानबाबा पळत आले, "दारं उघडलीत, सगळे आत चला!"

आबा घाबरले. नवरदेवाची आजी सखुबाई मोठ्या सोवळ्याची. ती वऱ्हाड माघारी नेईल असंच वाटलं.

पण म्हातारी सगळ्यांच्या आधी पायरी चढली. म्हणाली, "गोऱ्यांची पलटण गेली तवा हे चर्च ओसच पडलं होतं. मग प्लेग आला. माझ्या लेकराला गाठ आली, कुणी दारात उभं करंना. योहानबाबाच्या बापानं आमाला इथंच ठेवलं. तेच लेकरू आज नवरदेवाचा बाप हाय. काहून थांबलात? चला की!"

बाकं सरकवून अंतरपाट धरला. मंगलाष्टका संपल्या तशी योहानबाबांनी चर्चची घंटा वाजवली. शालू दचकली अन् खुदकन हसली. आबा मात्र रडले. त्यांचा खोकला आता कमी हाय, तू काळजी करू नको.

सखुबाईनं तुला निरोप धाडलाय, "विहीणबाई, पाय बरा झाला की या. लेकीचं लगीन कुठं लागलं ते मी हाताला धरून दाखवते."

पायाला जपणे.

तुझा, लगनात राबून दमलेला,
संतराम