खोडलेलं सोडायचं नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

संग्रहातल्या जुन्या कागदांवर संगणकासाठी खुणा करायच्या वर्गाला तिघंच आले. चौथ्या खुर्चीवर दुपारभर ऊन पडून होतं, मीही अधूनमधून त्याच्याकडे बघूनच शिकवत होते.

तिघंही आपापल्या विषयात मुरलेले, आणि संगणकासमोर मात्र परक्या घरी आल्यासारखे अवघडलेले. फळ्यावर टोकदार कंस काढला, आत लिहिलं – माणूस. मजकुरात कोणाचं नाव आलं की आधी ही खूण. नाव संपलं की तीच खूण पुन्हा, फक्त तिरकी रेघ घालून. म्हणजे यंत्राला कळतं, एवढं एवढं नाव आहे. बस. जुन्या नकाशांचा अभ्यास करणारे काका म्हणाले, "मग ते ठळक कधी होणार?" म्हटलं, ठळक नाही करायचं काका. कसं दिसतं ते सोडा, काय आहे ते सांगा.

हे बोलून मलाच बरं वाटलं. घरी येईपर्यंत तोंडात तेच घोळत होतं.

४ फेब्रुवारी

सरावासाठी संग्रहातले कागद द्यायला वरून परवानगी नाही. मग घरचेच दिले – बाबांची आईला आलेली अकरा पत्रं. मी नऊ वर्षांची असताना बाबा पंपदुरुस्तीच्या कामावर लांब गेले. तिकडेच राहिले, तिकडेच वारले. पत्रांत पंप, पाऊस, पत्र्याचं छप्पर. माझ्याबद्दल अवाक्षर नाही. लहानपणी शोधून शोधून थकले, मग शोधणं सोडलं. जिथे मी नाहीच, ते कागद कोणाच्याही हातात द्यायला हरकत कसली? वर्गात एवढंच सांगितलं, एका मेकॅनिकची पत्रं आहेत.

आई म्हणाली, "कशाला उकरतेस जुने कागद?" सराव आहे गं, म्हटलं. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

६ फेब्रुवारी

काकांनी 'माणूस' उघडला आणि बंद करायलाच विसरले! यंत्राच्या मते मग पुढचं सगळं मिळून एकच माणूस – पंप, चिखल, गळकं छप्पर, पत्राच्या शेवटापर्यंत. काका ओशाळले. मला मात्र ते दुरुस्त करावंसंच वाटेना. बाबा तसेच होते की माझ्यासाठी. पाऊस आणि पत्रे.

परतताना बसमधून सगळीकडे खुणाच दिसत होत्या. दुकानाचं शटर वर गेलं, खूण उघडली. कोणीतरी छत्री मिटली, बंद झाली. एक बाई फोनवर हसायला लागली. तिचं हसू कुठे संपलं ते दिसलंच नाही, बस वळली.

७ फेब्रुवारी

दुपारी डुलकी लागली. बाबा दोन कंसांच्या मधे उभे. पाठमोरे.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज खाडाखोड. मोठ्या तोऱ्यात सांगितलं – खोडलेलं सोडायचं नाही. लिहिणाऱ्याने काय नको म्हटलं, हेही मजकुरातच येतं. 'खोडलेलं' या खुणेला 'कोणी' असा एक रकाना आहे. तो भरल्याशिवाय तपासणी पुढे सरकत नाही. मीच सक्तीचा ठेवलाय.

शेवाळबाई हळूच म्हणाल्या (शेवाळावर तीस वर्षं काम केलंय त्यांनी, नाव मी मनातल्या मनात ठेवलंय), "सातव्या पत्राच्या स्कॅनमध्ये खाली दोन ओळी काट मारलेल्या दिसतात. तुम्ही टाइप करून दिलंय त्यात नाहीत."

खरंच नव्हत्या. वाचता येत नाहीत म्हणून टाइप करताना मीच गाळल्या होत्या. वर स्कॅनही काळापांढरा, घाईघाईत केलेला. शिकवणारीच नापास.

"मूळ पत्र आणा ना. भिंग माझं आणते."

१२ फेब्रुवारी, बुधवार

टेबल खिडकीशी ओढलं. शेवाळबाई भिंगावर वाकल्या. काका लिहून घ्यायला बसले.

"पत्राची शाई काळी आहे. काट निळी. आणि पट्टी लावून मारलीय. हा माणूस बाकी सगळीकडे नुसतं गिरगटतो. खोडणारा हात दुसरा आहे."

मग एकेक शब्द सुटा होत आला. पोरीला. इकडे. पाठव. इथल्या शाळेत विचारून ठेवलंय. तिच्यावाचून करमत नाही.

खोली लांब गेल्यासारखी झाली. काका विचारत होते, "पोरीला 'माणूस' लावू ना? कोण ही, ते काही कळत नाही." लावा, म्हटलं. "आणि खोडलं कोणी?" रकाना रिकामा होता, कर्सर लुकलुकत होता. म्हटलं, सध्या 'अज्ञात' टाका.

खोटं बोलले. पट्टी लावून काट मारणारं एकच माणूस मला माहीत आहे. वाणसामानाची यादीसुद्धा ती तशीच खोडते.

राग यायला हवा होता. आला, पण मागाहून. आधी आनंद झाला, इतका की रस्त्यात कठड्यावर बसावं लागलं. बाबांना मी हवी होते. पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही, माहीत आहे. तरी बसून राहिले. ऊन अंगावरून उतरून गेलं, तेव्हा उठले.

१३ फेब्रुवारी

आईने चहा दिला. घेतला. विचारलं नाही.

पत्र फाडून टाकता आलं असतं तिला. चाळीस वर्षं जपलं. का?

१५ फेब्रुवारी

पत्र तिच्यासमोर ठेवलं. चष्माही लावला नाही तिने. म्हणाली, "मीच खोडलं." पत्राची घडी नीट घातली. मग म्हणाली, "तुला वाचून दाखवलं असतं, तर तू गेली असतीस."

गेले असते.