बाबांचा घाणेरडा समुद्र

सोमवार, १२ फेब्रुवारी

पोचले. घाण!

दुसरा शब्दच सुचत नाही. डांबरी रस्ता संपला, मग मातीचा संपला, मग गाडीवाला म्हणाला, आता चाला बाई, पुढे चाक रुतेल. बॅग ओढत निघाले आणि आला तो वास. कुजलेली अंडी आणि ओली फडकी एकत्र उकळावीत तसा. वीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखात्यात काढली मी, चादरींवर काय काय असतं ते मला कुणी सांगायला नको. तरी नाकाला रुमाल लावला तो अजून काढलेला नाही. लिहितेय एका हाताने.

निवांत किनारा आहे म्हणे. असणारच निवांत, माणसांना नाकं असतात! लांबच लांब वाळू, एक दुकान नाही, दिवा नाही, बसायला बाक नाही. पाण्याच्या कडेने काळ्या शेवाळाचे गुडघ्याएवढे ढीग, त्यांवर माश्या. मागे सुरूची झाडं आणि झाडांत पत्र्याच्या छपराची एक खोली. तिथे बाबा राहतात. आठ महिने झाले. कुणी धाडलेलं नाही, आपल्या मर्जीने!

दारातच उभे होते. रापलेत, वाळलेत. "आलं का माझं अर्धं नाक," म्हणाले. लहानपणापासून मला तेच म्हणतात.

मंगळवार, १३

उशी दमट, चादर दमट, मी दमट. कूस बदलली की वाळू टोचते. दात घासताना दातांतसुद्धा वाळू.

सकाळी बाबांनी चहा दिला. घोट घेतला आणि थुंकलाच. दूध उतरलेलं! म्हटलं, बाबा, दूध गेलंय हे. "असेल," म्हणाले आणि आपला कप शांतपणे संपवला.

हे बाबा! डेअरीत सगळी हयात गेली ती कॅनची झाकणं उघडून दूध हुंगण्यात. नाक आत घालायचे, 'परत' म्हणायचे, की कॅन परत. यंत्र नंतर आलं, पण यंत्राने पास केलेलं दूधही बाबांपुढे आणत. नाकसाहेब म्हणायचे सगळे. घरात तर विचारायची सोय नव्हती. पेल्याला कालच्या अंड्याचा वास आला की पेला परत. आई बिचारी चार-चार वेळा विसळायची. माझं नाक त्यांच्यावर गेलं, म्हणून मी 'अर्धं नाक'. दादाला सर्दी कायमची, तो बाद.

नाकावर माशी बसू न देणारा माणूस आता माश्यांत राहतो. शर्टाची कॉलर बघवत नाही. मला लाज वाटते आणि रागही येतो.

आलेय ती त्यांना न्यायला. दादाने बजावलंय, शनिवारी बाबांना घेऊनच निघायचं, ते 'नाही' म्हणाले तरी.

बुधवार, १४

सकाळी त्यांच्यामागून किनाऱ्यावर गेले. जायला नको होतं.

ते सरळ शेवाळाच्या ढिगापाशी गेले, सगळ्यात जुन्या, सगळ्यात काळ्या. उभे राहिले, डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. एक, मग आणखी एक. मग वाकून ओंजळभर ते बुळबुळीत उचललं आणि तोंडाशी नेलं. त्यातून बारके किडे उड्या मारत होते! मला ओकारी आली, खरंच आली, सुरूच्या झाडामागे जाऊन ओकले. जवळच होडीवाला जाळं सोडवत बसला होता. तो हसून म्हणाला, आजोबांचं रोजचंच आहे हे.

परत येताना विषय काढला. माझ्याकडे चला, नाहीतर दादाकडे. म्हणाले, "तिथे माझं काही उरलं नाही." मला झोंबलंच. मी, दादा, नातवंडं म्हणजे काहीच नाही? विचारलं तसं. चपलेतली वाळू झटकत बसले.

दुपारी आणखी एक. बाबा कालचा मासा तव्यावर टाकायला निघाले, डोळे पांढरे झालेला! हिसकावून बाहेर फेकला. मांजरानेसुद्धा हुंगून सोडून दिला.

संध्याकाळी खाटेखाली आईची पेटी दिसली. तिचे कपडे, तिची करडी शाल, सगळं इथे आणून ठेवलंय. झाकण दोन बोटं उचललं तर आईच आली बाहेर. तिचं केसांचं तेल, तिचा साबण. तीन वर्षं झाली तिला जाऊन! मी तिथेच फरशीवर बसून रडले. बाबा बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "येतो का गं अजून वास?"

म्हटलं, येतो म्हणजे काय, भरून राहिलाय! त्यांनी झाकण लावलं आणि बाहेर निघून गेले. डोळ्यांत टिपूस नाही. इतकं कोरडं व्हावं माणसाने?

गुरुवार, १५

फोन लागायला वाळूच्या टेकाडावर चढावं लागतं. चढले आणि दादापुढे सगळं ओकून टाकलं. बाबा घाणीत राहतात, नासकं खातात, शेवाळ हुंगतात, डोकं ठिकाणावर नाही. दादा ऐकून घेत होता. मग म्हणाला, एक वृद्धाश्रम बघून ठेवलाय, एकदम स्वच्छ, नर्स चोवीस तास, एक खोली रिकामी होतेय. शनिवारी गाडी घेऊन मीच येतो. तुला चालेल ना?

चालेल म्हटलं.

टेकाड उतरताना हलकं वाटलं. जेवताना नाही वाटलं. बाबांनी त्यांच्या ताटातलं अंडं माझ्या ताटात टाकलं. मी लहान असल्यासारखं.

शुक्रवार, १६

आजचं नीट लिहिते.

सकाळी हापशावर अंघोळीला गेले होते. परत आले तर दारातच गॅस! शेवाळाचा वासही त्याखाली दबलेला. आत बाबा शेगडीसमोर उकिडवे बसलेले, चहाचं पातेलं ठेवलेलं, शेगडीचा कान अर्धवट उघडा — कधीपासून कोण जाणे — आणि हातात काडी. पेटीवर टेकवलेली!

मी ओरडले की किंचाळले, आठवत नाही. त्यांच्या हातावर फटका मारला, काड्या सगळीकडे उडाल्या. कान बंद केला, खिडकी ढकलली, त्यांना दंडाला धरून बाहेर वाळूत आणलं. आणि मग तोंड सोडलं. जे जे साचलं होतं ते सगळं. स्वतः मरायचंय तर मरा, आम्हाला का घोर, इतका भयंकर वास, कळत नाही का तुम्हाला!

ते माझ्याकडे बघत राहिले. फटका बसलेला हात दुसऱ्या हातात धरून.

"नाही कळत," म्हणाले. "वास येत नाही मला."

मला वाटलं, गॅसचा.

"कसलाच. गेल्या वर्षीच्या तापापासून."

मग थांबून थांबून सांगितलं. ताप उतरला तेव्हा वाटलं नाक चोंदलंय. आठ दिवस वाट बघितली, महिनाभर बघितली. एक दिवस आईची पेटी उघडली. काही नाही. शाल बाहेर काढून तोंडावर घेतली. काही नाही! लोकर नुसती टोचली म्हणाले. त्यानंतर त्या घरात थांबवेना. उशी तिची नाही, कपाट तिचं नाही, परक्याच्या घरी उतरल्यासारखं. सांगणार कुणाला? नाकसाहेबाला नाक नाही म्हणून? डेअरीतल्या जुन्या दोस्तांना कळलं असतं तर हसले असते. किंवा हसले नसते, ते आणखी वाईट.

त्याच दोस्तांबरोबर ते इथे आले होते सहलीला. वासाने हैराण होऊन सगळे तासाभरात गाडीत जाऊन बसले. बाबा उठेचनात.

"मला काहीतरी आलं गं. लांबून, अगदी पुसट. कुजकं होतं, पण आलं." मग म्हणाले, "एवढा एकच उरलाय. तो सोडून ये म्हणतेस?"

परवा त्यांनी मला विचारलं होतं, येतो का गं अजून वास. आणि मी म्हटलं होतं, भरून राहिलाय!

शनिवार, १७

दादा आला. बूट हातात, रुमाल नाकावर. कायम सर्दी असलेल्या माणसालाही आला वास! दारात पहिलं वाक्य: माणूस राहील का इथे?

सुरूत नेऊन त्याला सगळं सांगितलं. त्याने नाकावरचा रुमाल काढला. मग म्हणाला, मग तर एकटं ठेवताच येणार नाही. गॅस कळत नाही, नासलेलं कळत नाही. एखाद्या दिवशी फोन येईल आपल्याला.

त्याचं बरोबर आहे, हीच तर पंचाईत. तरी भांडले. पोटभर भांडले, होडीवाला जाळं टाकून बघायला आला इतकं. शेवटी दादा नमला, अर्धाच. सिलिंडर त्याच्या गाडीत गेलं. खोलीत वीज आहे हे नशीब, गावात जाऊन विजेची शेगडी आणली. दूध आणि मासा होडीवाल्याची बायको आधी स्वतः हुंगेल, मगच बाबांना देईल. आणि मुदत मेअखेरची. नाक आलं नाही तर बाबांनी मुकाट्याने वृद्धाश्रमात जायचं. बाबांनी मान हलवली. ती मान मला बघवली नाही.

निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. हाताला शेवाळाचा वास होता. तरी मान काढून घेतली नाही.

रविवार, १८

घर. केस तीनदा धुतले तरी तो वास आहेच. नवरा म्हणतो, आज बाहेरच्या खोलीत झोप. मेल्याला हसू येतंय वर.

मंगळवार, ५ मार्च

नाकाच्या डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, येईल किंवा येणार नाही. हे सांगायला इतकी वर्षं शिकावं लागतं! रोज तेच तेच उग्र वास घेत राहा म्हणाले. म्हटलं, ते चालूच आहे, ढिगाने.

रविवार, १४ एप्रिल

बाबांना फोन. शेवाळ येतं म्हणाले, होतं तेवढंच. बाकी काही नाही. कॉफी नाही, लसूण नाही, साबण नाही. आवाज बारीक. दादाने त्या खोलीचे पडदेसुद्धा बघून ठेवलेत. निळे आहेत म्हणे. बाबांना ते मी सांगितलं नाही.

गुरुवार, ९ मे

आज कामावर धुतलेली चादर सवयीने नाकाशी नेली आणि तशीच धरून उभी राहिले. मदतनीस म्हणाली, ताई, डाग आहे का? म्हटलं, नाही, स्वच्छ आहे. नुसता साबण आणि ऊन. केवढी चैन करत होते मी इतकी वर्षं.

रविवार, १९ मे

भल्या सकाळी बाबांचा फोन. कशी आहेस नाही, काही नाही. आवाज चढलेला, डेअरीतल्यासारखा.

"या उकिरड्यात बापाला एकटं टाकून गेलीस होय गं? काल सकाळपासून मळमळतंय मला, डोकं उठलंय. शी! माणूस राहील का इथे?"

मी अंथरुणात उठून बसले.

"ऐकतेस का? दादाला गाडी घेऊन यायला सांग, आजच. आईची पेटी मी दोरीने घट्ट बांधून ठेवलीय. तिच्या शालीला ही घाण लागायला नको."