वनखात्याच्या टेबलाजवळची खुर्ची

गुरुवार, धुळे

पर्यावरण प्रशिक्षणात आज सगळी खाती मिसळून बसवली होती. फोटो निघाला, जेवण झालं आणि सगळे पुन्हा आपापल्या खात्याच्या टेबलावर. मी मात्र वनखात्याच्या टेबलाजवळची खुर्ची सोडली नाही. वनरक्षक रमेशभाऊंशी नाल्याचं बोलणं अर्धवट होतं. आमच्या नगरपरिषदेचा कचरा त्या नाल्यातून त्यांच्या जंगलात जातो. नाला कोणाचा हेच ठरत नाही, म्हणून कचरा कोणीच उचलत नाही.

"मॅडम, आपलं टेबल इकडे आहे," आमचे साहेब सगळ्यांसमोर म्हणाले.

"नाला इकडे आहे, सर."

नंतर जिन्यात त्यांनी सुनावलंच. आधी पत्रव्यवहार, मग काम. मी जास्त बोलले का? एका खुर्चीवरून एवढं? बोलले तर बोलले. उठले असते तर उद्याचं काही ठरलंच नसतं.

निघताना रमेशभाऊ हळूच अहिराणीत म्हणाले, "ताई, नाला आपला बठ्ठासना शे." आपल्या सगळ्यांचा.

उद्या सकाळी आमची कचरागाडी नाल्यावर उभी असेल, उचलायला त्यांची माणसं आणि आमची. पत्र मीही लिहिणार आहे. नाला साफ झाल्यावर.