तुमकूरहून पार्ट येईपर्यंत

अण्णा, आज सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नाही आणि त्याला कारण तुम्ही आहात. गाडी घेऊन गॅरेजात गेले होते, इथंच महादेवपुऱ्यात, घरामागच्या रस्त्याला. बरेच दिवस सिग्नलला थांबलं की इंजिनाच्या तापाचा काटा वर चढायचा, आणि सकाळी गाडीखाली हिरव्या कूलंटचं थारोळं. मेकॅनिकनं बॉनेट उघडलं आणि म्हणाला, होजची क्लिप सैल आहे, ती आवळतो, पण थर्मोस्टॅटही अडकलाय, इंजिन तापलं तरी उघडत नाही, मग पाणी रेडिएटरकडे जाणार कसं? नवीन उद्या येईल. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाला, "टेन्शन नको, अक्का. पार्ट येईपर्यंत हा काढून ठेवतो, नुसतं झाकण बसवतो, गाडी घेऊन जावा. स्वल्प पेट्रोल जास्त खाईल, एवढंच." मी म्हटलं, थर्मोस्टॅटशिवाय चालते? तर हसायलाच लागला. "जुने मेकॅनिक तर काढून फेकूनच द्यायचे. बॉम्बेपर्यंत जावा, काही होत नाही. सरी? ठीक?" मी तिथल्या स्टुलावर बसले, उठले, परत बसले. अहो अण्णा, माझं सासर, दावणगेरे, बॉम्बेच्या कितीतरी अलीकडे आहे.

नव्वदीतली गोष्ट, पण मला ती सकाळ अजून दिसते. लग्न उरकलंय, वऱ्हाडाची बस पुढं गेलीय, आणि सासरच्यांनी आमच्यासाठी ठेवलेली टॅक्सी दारात उभी आहे. तुम्ही तिला परत पाठवता. "माझी लेक माझ्या गाडीतनं जाईल." आई म्हणते, अहो, मुलीचा बाप असा सोडायला जातो का कुठं? तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं करून टायरला लाथ मारून हवा बघता. यशवंतपूरच्या वर्कशॉपात लॉऱ्यांची इंजिनं उघडण्यात तुमचा जन्म गेला होता. तुम्ही हात लावलेली गाडी वाटेत थांबत नाही, ही तुमची प्रतिष्ठा, दुसरी काही तुम्ही कधी मिरवलीही नाहीत. सासूबाईंनी निघताना बजावलं होतं, दिवेलागणीच्या आत माप ओलांडायचं. तुम्ही म्हणालात, दुपारच्या चहाला पोचवतो.

नेलमंगल मागं पडलं आणि काटा चढायला लागला. मागच्या सीटवरनं मला तो तुमच्या खांद्याआडून दिसत होता. तुम्ही काही न बोलता हीटर लावलात. एप्रिलचं ऊन, माझ्या अंगावर जड शालू, आणि पायाशी भसाभसा गरम वारा! पाठराखीण म्हणून आलेली मावशी किंचाळलीच, "अय्यो भावजी, भट्टीत घातलंत की आम्हाला!" तुम्ही शांतपणे म्हणालात, "इंजिनाचा ताप आत ओढून घेतोय. थोडं सोसा." पुढं बसलेले तुमचे जावई नव्या सुटात निथळत होते, पण सासऱ्यासमोर कोट काढावा की नाही हेच त्यांना ठरवता येईना. मला हसूही येत होतं आणि रडूही. आईला सोडून आले होते, आणि हा हीटर!

डाबसपेटच्या अलीकडे एका चहाच्या टपरीशी तुम्ही गाडी थांबवलीत. रेडिएटर खालून ठिबकत होता. तुम्ही माझ्याकडे वळलात. "ओटीत हळद आहे का गं?" मावशी मधे पडली, "अहो, सवाष्णीच्या ओटीतली हळद इंजिनात?" तुम्ही म्हणालात, "तिथंही शुभच करील." पुडी घेतलीत, रेडिएटरमधे रिकामी केलीत, वर पाणी ओतलंत. हळदीनं भेग बुजली, ठिबकणं थांबलं. पण गाडी चालू केली की काटा परत वर. मग तुम्ही थर्मोस्टॅट काढलात आणि चहावाल्याच्या उकळत्या पाण्यात सोडलात. आम्ही सगळे वाकून बघतोय, चहावालासुद्धा. पाणी खदखदतंय आणि तो मिटल्या तोंडानं तसाच पडलाय. "ह्यानं घात केला," तुम्ही म्हणालात. आणि जावयाकडे वळून, अगदी अदबीनं, "जावईबापू, तुमकूरला जाऊन नवा आणाल का? मला गाडी सोडता येणार नाही." बिचारे सुटाबुटात बसला लोंबकळत गेले. जुना थर्मोस्टॅट तुमच्या तळहातावर होता, अण्णा. बाहेर काढलेला! झाकण लावून निघायचं तेवढं बाकी होतं.

मावशी बाकड्यावर घोरायला लागली. तुम्ही मला ब्लेड दिलंत आणि झाकणाला चिकटलेली जुनी पॅकिंग खरवडायला बसवलंत. शालू नेसलेल्या नवरीला! वर दटावलंतही, "पदर खोच आधी. लग्न झालंय हे फॅनला कळत नाही." लहानपणी वर्कशॉपात टायरवर बसून मी तुमच्या डब्यातलं खायची, तशीच त्या दिवशी तुमच्या बशीतला चहा प्यायले. तुम्ही कधी बोलणारे नव्हतात. त्या दिवशी मात्र विचारत राहिलात. तिकडं तिखट फार खातात, झेपेल का? सकाळी उठवायला आई नाही, उठशील का? मग रस्त्याकडे बघत म्हणालात, "जावई माणूस बरा वाटतो. बसमधे चढताना म्हातारीला आधी चढू दिलं त्यानं." मी खरवडत राहिले. पॅकिंग केव्हाच निघाली होती.

पोचलो तेव्हा गल्लीत दिवे लागून गेले होते. मापातले तांदूळ सांडले तरी सासूबाईंचा चेहरा सैल झाला नाही. मामंजी सगळ्यांदेखत म्हणाले, "जन्मभर लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या, आणि स्वतःची? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!" सगळे हसले. तुम्हीही हसलात. नट सैल राहिला असं कुणी म्हटलं तर आठ दिवस जेवण गोड न लागणारा माणूस, मान डोलवत हसला. पुढं प्रत्येक सणाला ती गोष्ट निघायची आणि तुम्ही दर वेळी, "हो, चुकलंच माझं." मला तुमची दया यायची. म्हातारपणी हाताची सफाई गेली असेल, असंच मी धरून चालले होते. तुम्ही गेलात तेव्हाही, दहाव्याला, कुणीतरी तीच गोष्ट काढली होती.

थर्मोस्टॅटशिवाय गाडी चालते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं? यशवंतपूरच्या लॉऱ्यांतून असले किती काढून फेकले असतील तुम्ही! आईला विचारावं तर तीही आता नाही. गॅरेजातनं आल्यापासून लिहितेय, उठतेय, गॅलरीत जातेय, परत येतेय. गाडी मी आणली नाही. मेकॅनिकला सांगून आले, काढून चालवायची नाही, नवा येऊ दे, मी थांबते. मी वेडी असल्यासारखा तो माझ्याकडे बघत राहिला.

ह्या कागदाला पत्ता नाही, तेव्हा एक सांगूनच टाकते, हे तुमच्या जावयालाही कधी सांगितलेलं नाही. टपरीसमोर बस थांबली आणि हे पार्टचं छोटं खोकं हातात उंच धरून, मोठं काही जिंकल्यासारखे हसत उतरले. तुम्ही उठून हात पुसलेत. आणि देवाशपथ सांगते अण्णा, इतक्या लवकर आले म्हणून मला त्यांचा असा राग आला होता.