अण्णाच्या वाट्याचं दूध

पुणे,
१४ जून २०२५

ती. अव्वास,
संगमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र लिहायची सवय मोडली होती, पण फोनवर तुझ्याशी ओरडून बोलायला लागलो की इथले शेजारी काय झालं म्हणून दार वाजवतात. तेव्हा आपलं हेच बरं. कानातलं यंत्र शिट्ट्या मारतं म्हणून तू डब्यात घालून ठेवलंस असं कळलं. तुझी सून म्हणते, सासूबाईंना ऐकायचंच नसेल तर यंत्र बिचारं काय करणार. चेष्टेनं म्हणाली, मनाला लावून घेऊ नकोस.

मुद्द्याचं लिहितो. वळसंगच्या शेतातल्या विहिरीवरच्या मोटरची केबल पुन्हा चोरीला गेली. बसप्पाला विचारलं तर म्हणतो, लई डोळा लागला की मालक. त्याला राखणीला ठेवलाय की झोपायला, हे एकदा ठरवावं लागेल. म्हणून शेतात कॅमेरा बसवायचा आहे. मला रजा नाही, तूच नव्या पेठेत जाऊन घे. वायरीचा घेऊ नकोस, आपल्या शेतात वीज कधी येते ते विजेलाच माहीत. सोलरवर चालणारा, सिमकार्डाचा, अंधारात स्वच्छ दिसणारा आणि दोन्हीकडून आवाज जाणारा हवा. म्हणजे तिथलं बोलणं मला इथं ऐकू येईल आणि मी मोबाईलवर बोललो की खांबावरून तिथं ऐकू जाईल. तुला जाणार नाही, पण तू काही चोर नाहीस. त्याला भोंगाही असतो.

आता शेतात कोण येतं आणि कोण जातं हे मला बसल्या जागी दिसेल, एवढं लक्षात ठेव. चंद्रिकानं हक्कसोडावर सही करायला नकार दिला त्या दिवसापासून मला बहीण नाही. म्हणे, अप्पांच्या समाधीपुरती जागा सोडून बाकी सगळ्यावर सही देते. आज समाधी, उद्या तिथं जायची वाट, परवा विहिरीत वाटा. तिचा पाय त्या बांधाला लागता कामा नये.

गोळ्या वेळेवर घे. माया आहेच, ती असू दे.

तुझा,
संगमेश


सोलापूर,
२९ जून

चि. संगमेश यास,
अव्वाचे अनेक आशीर्वाद.

कॅमेरा घेतला आणि बसवूनही झाला. दुकानदाराच्या तोंडात मावा भरलेला, त्यामुळं त्याचे ओठ काही वाचता येईनात. शेवटी त्याला बाहेर जाऊन थुंकून ये म्हणाले, शाळेत पोरांना सांगत होते तसं. मुकाट्यानं गेला. मग नीट दाखवलं. एक पांढऱ्या वाटीसारखा पालथा होता, एक लांबट नळीचा, आणि एक मान फिरवणारा. मी मान फिरवणारा घेतला. कोंबडीसारखा इकडं तिकडं बघतो, मला गंमत वाटली.

बसवणारा विहिरीच्या खोलीवर लावतो म्हणत होता. मीच नको म्हणाले आणि लिंबाजवळ, अप्पांच्या समाधीसमोर खांब रोवून घेतला. तिथून विहीर दिसते, फाटक दिसतं आणि अप्पाही दिसतात. तू सकाळी मोबाईल उघडशील तेव्हा आधी त्यांचं दर्शन होईल. त्यांच्या शेजारी माझ्यासाठी मोकळी ठेवलेली जागाही दिसते. आत्ताच बघून ठेव, म्हणजे मला समाधीत बसवायच्या दिवशी शोधाशोध नको. बसप्पा खांबाला रोज नमस्कार करतो. मालक आत हायत, असं त्याला वाटतं.

चंद्रिकाबद्दल लिहिलंस ते वाचलं. मी माझ्या हिश्शाची सही तुझ्या नावे केली तेव्हा काही मागितलं नव्हतं, आताही मागत नाही. पण लिहिताना जरा हात आवरावा. ती तुझ्या पाठची आहे.

सौ. दानेश्वरीस आशीर्वाद सांग, आणि यंत्र खरंच शिट्ट्या मारतं हेही सांग. लोभ आहे, तो वाढता ठेव.

तुझी,
अव्वा


सोलापूर,
१८ जुलै

चि. सौ. चंद्रिका हिस,
अनेक आशीर्वाद.

पंचमी जवळ आली. बार्शीहून सकाळच्या एसटीनं नीघ, मी स्टँडवर थांबते, तिथून दोघी वळसंगला जाऊ. दरवर्षी आपण बसप्पाला तोंड फिरवायला लावून चोरासारख्या जातो आणि येतो. यंदा तसं नको.

शेतात अण्णानं कॅमेरा लावलाय. घाबरू नकोस. तो समाधीसमोर मीच मुद्दाम लावून घेतला. तुमचं भांडण कागदावर झालं, वकिलाच्या खोलीत झालं. त्यानंतर त्यानं तुझं तोंड बघितलेलं नाही. अप्पांपुढं डोकं टेकताना त्यानं तुला एकदा बघावं, वारुळाला दूध घालताना बघावं. बघितलं की विरघळेल. माझ्या पोटचा आहे तो, मला माहीत आहे.

तंबिटाचे लाडू मी करते, तू शेंगाचे आण. हिरवी साडी नेस, तुला शोभते. जावईबापूंना आशीर्वाद. वाट बघते.

तुझी,
अव्वा


सोलापूर,
३० जुलै

चि. संगमेश यास,
अव्वाचे अनेक अनेक आशीर्वाद.

बाळा, काय लिहू? काल तू माझी पंचमी गोड केलीस. मी रात्रभर एकटीच हसत होते.

चंद्रिकाला मी नेलं, हे तू पाहिलंसच. अप्पांना बेल वाहून ती वारुळाशी बसली. देवाच्या वाट्याचं, गुरूच्या वाट्याचं, अप्पाच्या वाट्याचं असं एकेकाचं नाव घेत दूध घालत होती. अण्णाच्या वाट्याचं म्हणाली तेव्हा तिचे ओठ मी वाचले. तेवढ्यात तिचा हात थांबला आणि ती खांबाकडं बघायला लागली. बसप्पाही बघायला लागला. लिंबावरची पाखरं एकदम उडाली. मला कळेना काय झालं. चंद्रिकाला विचारलं तर ती माझ्याकडं तोंड करून सावकाश म्हणाली की अण्णा बोलतोय. तू माझी तब्येत विचारलीस, तिला पंचमीचा आहेर राहिला म्हणालास, आणि दिवाळीला स्वतः न्यायला येतो म्हणालास. हे सांगताना तिचे डोळे वाहत होते. मग वाहणारच की! इतक्या वर्षांनी भावाचा आवाज ऐकला. बसप्पानं तर मान वर केली नाही. मी म्हटलं, मालकाचा आवाज ऐकून लाजला.

वर खांबावर लाल निळा दिवा लुकलुकत होता, जत्रेतल्या पाळण्यासारखा. तो अण्णानं पंचमीसाठी लावलाय, असं ती म्हणाली. मी त्याला हात जोडले. तू पाहिलंस ना?

दिवाळीला येशील तेव्हा आधी मला घे, मग दोघं मिळून बार्शीला जाऊ. इथं शेळगीतल्या सगळ्या ओळखीच्यांना सांगून झालं. तुला माझं सगळं आयुष्य लागो.

तुझी,
अव्वा


बार्शी,
३१ जुलै

ती. अण्णास,
सा. न. वि. वि.

तुला पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. लवकर संपवते.

अव्वाचं पत्र तुला मिळेल. त्यात तू जे बोललास म्हणून लिहिलेलं असेल ते तू बोललेला नाहीस, मी बोलले. तू काय बोललास ते आपल्या तिघांना माहीत आहे, तुला, मला आणि बसप्पाला. तिला काही ऐकू आलं नाही. ती माझ्या शेजारी लाडवाचा डबा धरून हसत उभी होती. तिच्याकडं बघून मला खरं सांगवलं नाही. माणूस समोर असता तर तिनं ओठ वाचले असते. खांबाला ओठ नव्हते म्हणून मला खोटं बोलता आलं.

माझं एकच मागणं आहे. तिला खरं कळू देऊ नकोस. दिवाळीला येऊ नकोस, काम निघालं म्हणून कळव, पुढच्या वर्षी पुन्हा कळव. तिचं वय बघता तेवढं पुरेल. त्या बदल्यात मी हक्कसोडावर सही करते. समाधीच्या जागेसकट. वकिलाला तारीख सांग, मी हजर राहीन. शेतात पुन्हा पाय ठेवणार नाही. अप्पांना घरातूनच हात जोडीन.

अण्णा, मला तुझा राग आलाय आणि तो जाणार नाही. पण तिच्यावर काढू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझी धाकटी बहीण,
चंद्रिका


पुणे,
२२ ऑगस्ट

ती. अव्वास,
संगमेशचा शि. सा. नमस्कार वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण आधी एक काम उरकायचं होतं. ते उरकलं. चंद्रिका मागच्या आठवड्यात येऊन सही करून गेली. आता सातबारा स्वच्छ झाला. इतकी वर्षं जे वकिलाला जमलं नाही ते एका कॅमेऱ्यानं करून दाखवलं, तेव्हा तुझी निवड उत्तम होती असं म्हणायला हरकत नाही.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू गावभर सांगत सुटलीस आणि मला चहूकडून अभिनंदनाचे फोन येतायत. हे वाढण्याआधी थांबवणं भाग आहे. त्या दिवशीचं रेकॉर्डिंग माझ्याकडं आहे. तुला ऐकून उपयोग नाही म्हणून लिहून कळवतो. मी चंद्रिकाला म्हणालो की वारुळात दूध ओतून जमीन नावावर होत नाही. म्हणालो की बहिऱ्या म्हातारीला पुढं घालून नाटक करायची लाज वाटायला हवी. बसप्पाला सांगितलं की हिला बांधाबाहेर काढ. तो हलला नाही म्हणून भोंगा वाजवला. तू ज्याला हात जोडलेस तो पंचमीचा दिवा नव्हता. चोर आला की तो लागतो.

तुझी तब्येत मी विचारली नव्हती. घाईत राहून गेली. कशी आहे?

अण्णाच्या वाट्याचं दूध वगैरे मीही ऐकलं. कॅमेरा आहे हे माहीत असल्यावर कुणीही म्हणेल. तुला यातलं काही कळवू नये या अटीवर तिनं सही दिली, पण अशा अटींना कायद्यात किंमत नसते. आणि आईपासून मुलानं लपवावं, हे मला पटत नाही.

फाटकाला नवं कुलूप लावलंय. तुला समाधीला जायचं असेल तर आधी कळवत जा, बसप्पा उघडेल. एकटीच जा. रागावू नकोस, तुझ्या काळजीपोटीच लिहितो. लोभ असावाच.

तुझा,
संगमेश


सोलापूर,
९ सप्टेंबर

चि. संगमेश यास,
अव्वाचे आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. माझी तब्येत विचारलीस. बरी आहे.

पत्र वाचल्यावर ती सकाळ पुन्हा डोळ्यांपुढं आणली. पाखरं का उडाली ते कळलं. बसप्पानं मान का वर केली नाही ते कळलं. तुझा भोंगा वाजत असताना चंद्रिका माझ्या पदराचा काठ नीट करत होती. आणि मी हसून त्या दिव्याला हात जोडत होते. माझ्या जन्मात मला इतकी लाज कधी वाटली नाही. ती तुझ्यामुळं नाही, माझ्यामुळं वाटली. कॅमेरा तिथं मी लावून घेतला. तुझ्या पोटात माया आहे, हे मीच पोरीला लिहून कळवलं. मास्तरीण असून मला माझंच पोर वाचता आलं नाही.

मला फार राग आलाय. तो लपवत नाही. तिनं अप्पांची जागा तुला देऊन माझ्यासाठी एवढासा आनंद मागून घेतला होता. तू जागाही ठेवून घेतलीस आणि आनंदही परत नेलास. आईपासून लपवू नये म्हणतोस, तर मग सही व्हायच्या आधीच का कळवलं नाहीस?

आता माझं ऐक. सातबाऱ्यावर माझं नाव नाही, शेत तुझं आहे. माझ्याकडं कुणाला द्यायचं किंवा न द्यायचं असं हे एक शरीर उरलंय. काल मठात जाऊन स्वामींना सांगून आले. मला वळसंगला न्यायचं नाही. इथं सोलापुरात समाजाच्या स्मशानात, रुद्रभूमीत बसवायचं. तिथलं फाटक सगळ्यांना उघडं असतं, चंद्रिकाला कुणाची परवानगी लागणार नाही. तिला आणि जावईबापूंना सांगितलंय, तेच सगळं करतील. तू आलास तर लोकांत मागं उभा राहा. तुला कुणी बाहेर काढणार नाही.

अप्पांच्या शेजारी माझ्यासाठी ठेवलेली जागा मोकळी झाली. तिथं काय पेरायचं ते तू ठरव. इतकी वर्षं संसार केला त्या माणसाला सोडून मी दुसरीकडं जातेय, हे वाक्य दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. पण ते समजून घेतील. त्यांना लेक लाडकी होती.

सौ. दानेश्वरीस सांग की यंत्र मी पुन्हा कानात घातलंय. शिट्ट्या मारतं, मारू दे.

कॅमेरा मात्र काढू नकोस. चंद्रिका आता तिथं येणार नाही, मीही येणार नाही. अप्पांकडं बघायला घरातलं कुणीतरी हवं. तू रोज बघत जा.

आशीर्वाद दिलेला आहे, तो परत घेता येत नाही.

तुझी,
अव्वा